लखूमामाचे उपाशी वाफे

लखूमामा चहा आधी बशीत ओततो. बशी मांजराकडे सरकवतो. मग कपात उरलेला आपण पितो. मांजर जवळ नसेल तर कपातला चहा निवेपर्यंत त्याला हाका मारत राहतो.

छत्री शर्टाच्या कॉलरला मागून अडकवतो आणि पावसातून भिजत येतो. छत्री नवी आहे. मी त्याला ओळखतो तेव्हापासून ती नवीच आहे.

फोन आला की उभा राहतो. समोरचा वयानं मोठा असेल तर डोक्याचा टॉवेल काढतो. सासरा असेल तर चपलाही काढतो.

काहीही मोजताना तो 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतो, मग दोन, तीन. खळ्यावर भाताचं पहिलं माप असंच मोजतात. मामा खिळेसुद्धा असेच मोजतो.

आम्ही काम करतो त्या संशोधन केंद्राच्या फाटकाशी किंदळाचं एक झाड आहे. त्याच्या ढोलीत तो रोज सकाळी खिशातली प्लास्टिकची पिशवी ठेवतो, देवळाबाहेर चपला काढाव्या तशी. आत प्लास्टिकला बंदी आहे. संध्याकाळी पिशवी घडी करून परत खिशात घालतो. त्याचं बघून बाकीचेही आता तिथे पिशव्या ठेवतात. परवा ढोलीत मला एका प्राध्यापकांचीही पिशवी दिसली.

आणि पंगतीत वाढताना तो शेवटच्या माणसापासून सुरुवात करतो.

या शेवटच्या सवयीनं एक पीएच.डी. जवळजवळ बुडवली.

कानडी मुलखात, नंदिगड्डे गावाच्या पुढे, रस्ता संपला असं वाटतं, आणि तो संपत नाही. तिथे एका विद्यापीठाचं पर्यावरण संशोधन केंद्र आहे. छपरावर सूर्यावर चालणाऱ्या दिव्यांची पॅनेलं, मागे गांडूळखताच्या टाक्या, अंगणात पावसाचं पाणी साठवायचा हौद. भिंतीवर पाटी आहे : 'इथे काहीही वाया जात नाही.' ती मी लिहिली. मी जवळच्याच रामनगरचा. मराठीत एम.ए. झालो आणि हे काम मिळालं. झाडांच्या, पायवाटांच्या, हौदाच्या पाट्यांचा कन्नड मजकूर विद्यापीठातून येतो. मी त्याचं मराठी करतो.

पहिल्या दिवशी लखूमामानं माझी चौकशी केली.

"किती शिकलास?"

"एम.ए."

"आन करतोस काय?"

"पाट्या लिहितो."

"रंगवतोस?"

"नाही. लिहितो. रंगवणारा दुसरा आहे."

"म्हंजे निम्मंच काम येतंय."

तेव्हापासून तो मला मास्तर म्हणतो. त्यात आदर किती, हे मी कधी विचारलं नाही.

मामा इथल्या डोंगरातला कुणबी. केंद्रामागच्या उतारावर त्याची वाडी. पावसाच्या सरींवर थोडं भात, परसात कंद. केंद्रात तो पडेल ते काम करतो. ओळखपत्रावर 'क्षेत्र सहायक' असं आहे. ते ओळखपत्र तो शर्टाच्या आत, गळ्यातल्या ताइताशेजारी ठेवतो. बाहेर का नाही, असं एका पाहुण्यानं विचारलं, तर म्हणाला, "भायेर ठिवलं तर फोटुला ऊन लागतंय."

रक्षिता कुमट्याची. मातीवर पीएच.डी. करते. तिचा प्रश्न साधा होता. इथली माणसं जंगलातला पाचोळा गोळा करून शेतात घालतात. काही जण आता तो जाळून टाकतात. तर पाचोळा घातल्यानं मातीला, पिकाला नेमका किती फायदा होतो, तो मोजायचा. त्यासाठी तिनं कोन लावायचे ठरवले. कोन म्हणजे जांभळट गराचा मोठा कंद. इथे घराघरांत होतो.

तिचं हे शेवटचं वर्ष होतं. शिष्यवृत्ती पुढच्या उन्हाळ्यात संपत होती. कुमट्याला काकांच्या पतसंस्थेत तिच्यासाठी एक खुर्ची कधीपासून रिकामी होती. काका दर रविवारी फोन करून खुर्चीची खुशाली कळवत. वाफ्यांतून काही निघालं तर प्रबंध, नाहीतर खुर्ची. हे केंद्रातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मामालाही.

मे महिन्यात वाफे तयार झाले. लाल फडकं लावलेल्या वाफ्यांवर पाचोळ्याचं जाड पांघरूण. पांढरं फडकं लावलेले उघडे. रक्षितानं मामाला सगळं समजावलं.

"ह्यास्नी काय घालायचं?" मामानं पांढऱ्या फडक्यांकडे बोट केलं.

"काहीच नाही."

"शेण?"

"नाही."

"राख तरी?"

"मामा, काहीच नाही. तरच कळेल ना, पाचोळ्यानं किती फरक पडतो ते."

मामा वाफ्यांकडे बघत राहिला.

"मग ह्यांनी काय गुन्हा केलाय?"

रक्षिता हसली. मीही हसलो. मामा हसत नव्हता, हे काही आमच्या लक्षात आलं नाही.

तो लाल वाफ्यांना 'जेवलेले' म्हणू लागला आणि पांढऱ्यांना 'उपाशी'. थोड्याच दिवसांत सगळं केंद्र तसंच म्हणू लागलं. रक्षिता तर एकदा इंग्रजी अहवालात 'उपाशी' असं लिहून बसली आणि मग तिनं ते खोडलं.

आता मामाच्या वाढण्याबद्दल सांगतो. गावात देवकार्य असो, लग्न असो, वाढायला लखू हवा. तो आमटीचं भांडं घेऊन थेट पंगतीच्या शेपटाला जातो.

"फुडच्यास्नी मिळतंच," तो म्हणतो. "शेंड्याला पोचस्तवर आमटीचं पानी हुतंय."

एका लग्नात खीर संपली आणि एका म्हाताऱ्याच्या पानावर ती पडलीच नाही. मामा त्या दिवशी जेवला नाही. म्हाताऱ्याला गोड चालत नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. तरी मामाचं तोंड आठवडाभर उतरलेलं होतं.

पुतळीमामी म्हणजे त्याची बायको. ती हे सगळं ऐकते आणि भाकरी थापत म्हणते, "गावात शेवटच्याला पयलं. घरात मातर पयलं पान ह्येंचंच. मी कुटल्या पंगतीत बसलीय म्हनायचं?"

एका पंगतीत एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला नाही, याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात. मोठं पाप मानतात. मला हा शब्द परीक्षेत आला होता. तो वाफ्यांनाही लागू पडेल, असं कुठल्या गाइडमध्ये लिहिलेलं नव्हतं.

पावसाळ्यात रक्षिता विद्यापीठात असायची. वरच्या थरातल्या मातीचे नमुने घेऊन जायची, काही आठवड्यांनी परत यायची. भांगलणी, म्हणजे तण काढणं, मामाकडे. तो खांद्याला झोळी लावून वाफ्यांवर जायचा. झोळीत पानसुपारी असेल, असं मी धरून चाललो. पानसुपारीला एवढी मोठी झोळी लागत नाही.

एकदा तो एका उपाशी वाफ्याशी उकिडवा बसून हळू आवाजात बोलत होता.

"कुणाशी बोलतोयस मामा?"

तो दचकला. "गवताशी."

"काय म्हणतोस?"

"यिऊ नगो म्हनतोय."

मला ते फार आवडलं. मी त्यावर एक कविताही सुरू केली होती. ती राहू दे.

भातकापणी झाली, थंडी पडली, आणि कोन काढायचा दिवस आला. मामानं कुदळ चालवली. आधी जेवलेले. कोन निघाले ते असे, की रक्षितानं एक उचलून तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेतला. माती तिच्या कपाळाला लागली होती. ती हसत होती. मामा मोजत होता, "लाभ, दोन, तीन..."

मग उपाशी वाफे. पहिला कोन निघाला. तोही मोठा. रक्षिता म्हणाली, "एखादा असतो." दुसरा निघाला. तिसरा निघाला. तिनं तो काट्यावर ठेवला. सगळे निघाले तेव्हा दोन्ही ढीग शेजारी शेजारी होते, आणि फडकी काढली असती तर कुठला ढीग कुठल्या वाफ्यांचा, हे आई शपथ कुणाला सांगता आलं नसतं.

"काटा बिघडला असेल," ती म्हणाली.

मी पुतळीमामीकडून वजन ठाऊक असलेलं तांदळाचं पोतं आणलं. काट्यावर ठेवलं. काटा बरोबर होता.

मामा मात्र खुशीत होता. दोन्ही ढिगांमधून कंबरेवर हात ठेवून फिरत होता.

"बघ बाय," तो रक्षिताला म्हणाला. "कुनी मागं ऱ्हायलं न्हाई."

रक्षिता पायरीवर बसून राहिली. तिनं उपकरणं तपासली, नोंदी तपासल्या, पुन्हा तपासल्या. दोन दिवस धड जेवली नाही. ते मामाला सोसेना. तो सारखा तिच्या खोलीकडे जाऊन परत यायचा. पुतळीमामीनं त्याला विचारलंच, "वाफं जेवलं सगळं. पोरगी उपाशी. ही कसली शेती वो तुमची?"

मामा पुन्हा तिच्या खोलीकडे गेला. त्याला अजूनही दोन्ही गोष्टींचा संबंध लागला नव्हता. मलाही नाही.

चौथ्या दिवशी महाबळेश्वर सर आले. ते रक्षिताचे मार्गदर्शक. उंच, हळू बोलणारे. त्यांनी ढीग पाहिले, आकडे पाहिले, आणि म्हणाले, "आधी जेवू."

व्हरांड्यात पंगत बसली. सर, रक्षिता, केंद्रातले दोन-तीन जण, आणि शेवटी मी. पुतळीमामीनं कोनाच्या कापा केल्या होत्या, रवा लावून तव्यावर. वाढायला अर्थातच मामा. त्यानं माझ्यापासून सुरुवात केली.

"कापा छान आहेत," सर म्हणाले. "कुठल्या वाफ्यातल्या?"

"दोन्ही," रक्षिता म्हणाली.

"चवीतही फरक नाही."

कुणी हसलं नाही.

"मग आपण तसंच लिहू," सर म्हणाले. "पाचोळ्यानं काही होत नाही. हेही उत्तरच आहे. पण रक्षिता, त्याचा प्रबंध नाही होणार. दोन पानं होतील."

रक्षितानं मान हलवली. ती भातात बोट फिरवत होती. खुर्ची तिच्या मागेच येऊन उभी राहिल्यासारखी वाटली मला.

मामा आमटी वाढत सरांपर्यंत पोचला होता. तो थांबला.

"काय हुत न्हाई म्हनला?"

"पाचोळ्यानं फरक पडत नाही, लखू."

"सर, तुमी जेवताय म्हनून बोलत न्हाई."

"बोल की."

"आमच्या आज्याच्या आज्यापास्नं पाचोळ्यावर पिकतंय. त्येला नावं ठिवू नगासा."

"मी कुठे ठेवतोय? वाफेच सांगतात. उघड्या वाफ्यांनाही तेवढंच पीक आलं."

"येनारच की!" मामा म्हणाला. "त्यास्नी बी घातलाय न्हवं!"

पळीतली आमटी सरांच्या पानाबाहेर पडू लागली. कुणी पळी सरळ केली नाही.

मी घास हातात धरून होतो. तोंड उघडंच होतं, असं नंतर पुतळीमामीनं सांगितलं.

"काय घातलंय?" रक्षिता म्हणाली.

"पाचोळा. कुजल्याला. झोळीतनं आनायचा."

"कुठल्या वाफ्यांना?"

"समद्यास्नी. एकाला दिलं आन दुसऱ्याला न्हाई, असं कसं करू बाय?"

"पण वर तर काहीच दिसत नव्हतं!"

"वर कशाला घालीन?" मामाला हा प्रश्न अन्यायाचा वाटला. "वर घालू नगो म्हनली हुतीस तू. म्हनून तर खाली घातला. भांगलताना, मुठीमुठीनं."

रक्षिता तशीच उठली. उष्ट्या हातानं वाफ्यांकडे गेली. परत आली तेव्हा मुठीत काळी, ओलसर, मऊ माती होती. तीत पानांच्या शिरा दिसत होत्या. तिनं ती सरांच्या पानाशेजारी ठेवली.

सरांनी ती उचलून हुंगली. बराच वेळ हुंगली.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "लखू, आमटी वाढ."

मामानं वाढली. मग भांडं खाली ठेवून तो खांबाला टेकून बसला. आपण काय केलं, हे त्याला आत्ता कळत होतं. रक्षिताकडे बघायची त्याची हिंमत नव्हती. "पाचोळ्यात ताकद हाय एवडं तरी लिवाल न्हवं?" त्यानं सरांना हळूच विचारलं.

"लिहिता येत नाही रे," सर म्हणाले. "तुलना करायला उपाशी कुणी ठेवलाच नाहीस."

रक्षितानं त्याच्याशी बोलणं बंद केलं. मामा रोज तिच्या दाराशी काहीतरी ठेवून जायचा. एकदा शेवग्याच्या शेंगा, एकदा बाटलीभर मध. ती बाटली काचेची होती. तेवढं भान त्याला त्या दुःखातही होतं. रक्षिता सगळं घ्यायची आणि बोलायची नाही. मामा मला विचारायचा, "मास्तर, तू येवडं शिकलास, ह्येला काय करत्यात?" माझ्या अभ्यासक्रमात ते नव्हतं.

सरांनी विद्यापीठात खटपट केली. एक पावसाळा वाढवून मिळाला. जुनी जमीन आता चालणार नव्हती. ओहोळापलीकडे, मामाच्या घराच्या अंगाला, नवी पाहिली. सर जाताना बजावून गेले, हे शेवटचं. यापुढे त्यांच्याही हातात काही नव्हतं. काकांनीही तेच कळवलं : एक पावसाळा थांबू, मग खुर्चीवर दुसरं कुणी बसेल.

रक्षितानं मामाला बोलावलं. इतक्या दिवसांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"मामा, या वेळी उपाशी म्हणजे उपाशी. जमेल?"

मामानं विचार केला. टॉवेलनं मान पुसली.

"न्हाई," तो म्हणाला.

"मग मी काय करू?"

"मला आत सोडू नगो."

"तुम्हाला कोण अडवणार? मी इथे नसते. हा नुसता बघत बसतो." हा म्हणजे मी.

"कुंपन घालतो की."

"डुकरांसाठी?"

"माज्यासाठी."

रक्षिताला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण ते मामाला दिसलं. तो त्याच दुपारी कोयता घेऊन निघाला.

कुंपणाला त्यानं घाणेरी तोडून आणली. घाणेरी परदेशी झुडूप, जंगलाला खाऊन टाकतं, म्हणून विद्यापीठालाही आनंद झाला. फोटो निघाले. लाकडी खांब, मधे घाणेरीच्या फांद्या विणलेल्या, रानवेलीनं आवळलेल्या. फक्त उपाशी वाफ्यांभोवती. पुतळीमामी बघायला आली. गळ्यातल्या मण्यांशी खेळत उभी राहिली.

"डुकरासाठी कुंपन बगितलं हुतं, गव्यासाठी बगितलं हुतं," ती म्हणाली. "घोवासाठी पयल्यांदाच."

रक्षितानं माझ्याकडून पाटी करून घेतली, मराठीत आणि कन्नडमध्ये : 'लखू वेळीप यांना आत प्रवेश नाही.' मामानं ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"नावाफुडं श्री घाल," तो म्हणाला.

मी घातलं.

पहिली बाजू झाली. दुसरी झाली. तिसरी, ओहोळाकडची, तीही झाली. चौथी त्याच्या घराच्या बाजूची. तिथे तो येऊन थांबला. आधी वेल संपली. मग कोयत्याला धार नव्हती. मग भावकीत एक लग्न निघालं आणि तिथे वाढायला जावं लागलं. रक्षितानं कोन लावले. पाऊस आला. पावसात रोवलेला खांब हलतो, असं मामा म्हणाला, आणि ते खरं आहे.

रक्षिता या खेपेला दर आठवड्याला यायची. आली की आधी उपाशी वाफ्यांत खोलवर खणून माती बघायची. काही सापडलं नाही. श्रावण संपता संपता उपाशी वेलांची पानं पिवळी पडू लागली. जेवलेले वेल आधाराच्या काठ्या ओलांडून वर गेले. रक्षितानं पिवळ्या पानांचे इतके फोटो काढले, की फोनमध्ये जागा उरली नाही. सरांना पाठवले. सरांचं उत्तर आलं, "सुंदर! असेच वाळू देत." काकांचा रविवारचा फोन आला, तेव्हा तिनं उचललाच नाही. वाफ्यांत होते, असं नंतर सांगितलं.

मामा तिकडून जाताना टॉवेल त्या बाजूच्या डोळ्यावर ओढून घेतो. एकदा मात्र मी त्याला चौथ्या बाजूला उभा पाहिला, जिथे कुंपण नाही. हात पाठीमागे धरलेले. एका हातानं दुसरं मनगट घट्ट. झोळी नव्हती. आत तो गेला नाही. पिवळ्या पानांकडे बघून काहीतरी पुटपुटला आणि वळला.

"काय म्हणालास?" मी विचारलं.

"जरा दम धरा म्हनलं. कोन काडले की मग बगतो."

"आणि ही बाजू?"

"हुईल की. उद्या."

आता दसरा जवळ आला. चौथ्या बाजूच्या खांबासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी आहे आणि एक बेडूक. तोडून ठेवलेली घाणेरी तिथेच पडून काळी झाली आहे. खांब तासून तयार आहे. तो मामाच्या अंगणात भिंतीला टेकवलेला असतो. पुतळीमामी त्यावर गोधडी वाळत घालते.